'औदुंबर': काळा डोह म्हणजे मरण, एवढंच?

पायवाट:
काल इथे बालकवींच्या 'औदुंबर'चं रसग्रहण वाचलं. थोडक्यात असं: हिरवा रंग म्हणजे बालपण, पांढरी पायवाट म्हणजे आयुष्य, काळा डोह म्हणजे मृत्यू आणि पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर म्हणजे विरक्त योगी. खाली 'वा वा'चा पाऊस. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अहो, एवढी तयार किल्ली हातात असेल तर कविता वाचायची तरी कशाला? आठच ओळी आहेत. हिरवा तीनदा येतो: हिरवाळी, हिरवी गर्दी, हिरवं कुरण. झरा निळासांवळा, वाट पांढरी, डोह काळा. पहिल्या सहा ओळी निव्वळ डोळ्यांच्या. आवाज? शून्य. झरा वाहतो पण खळखळत नाही. चार घरांच्या गावात कुत्रं भुंकत नाही. याच माणसाने 'निर्झरास'मध्ये झऱ्याकडून दरीदरी घुमवून घेतली आहे. म्हणजे इथली शांतता मुद्दाम ठेवलेली.

मग सातवी ओळ: 'झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर'. काळिमा, आणि तो गोड! पाणी झाकोळलं, डोळ्यांना काही दिसेना, तिथे जीभ आली. आठव्या ओळीत पाय पाण्यात, म्हणजे थेट कातडीला गार स्पर्श. झरा चालतोय, वाट चालतेय, आणि शेवटी एकटा कुणीतरी बसलेला. बाहेरचं जग मिटत जाणं आणि त्याचा आनंद वाटणं, हे मला त्यात दिसतं. मरणाला कोण गोड म्हणतं?

रसिकराज:
ते रसग्रहण माझंच. नाव घ्यायला लाजलात का?

मरणाला गोड कोण म्हणतं विचारता? 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां, तो जाला सोहळा अनुपम्य' हे कुणाचं, सांगा बरं. आणि ५ मे १९१८ ला भादली स्टेशनात जो कवी मालगाडीखाली गेला, वयाची २८ वर्षंही पुरी झाली नव्हती, त्याच्या काळ्या डोहात मरण नाही? 'कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला' हेही त्याचंच. औदुंबर दत्तगुरूंचा, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं.

पायवाट:
तुकोबांचा मुद्दा चांगला आहे, वहीत लिहून ठेवतो. पण मालगाडी कवितेनंतर आली. तो रूळ तुम्ही मागे आणून डोहात टाकताय. आणि दत्तगुरू कुठे दिसले? पार नाही, पादुका नाहीत, आरती नाही. नरसोबाच्या वाडीची गर्दी या कवितेत घुसवू नका.

मास्तर_निवृत्त:
पायवाट, किल्लीला नावं ठेवणं सोपं आहे. एका बैठकीत पन्नास पेपर तपासून बघा. पोरांना 'झऱ्याला आवाज का नाही' विचारलं तर निम्मी म्हणतील कवी बहिरा होता.

शाईचा_डाग:
सर, आमच्या शाळेत 'गोड काळिमा म्हणजे डोळ्याने चाखलेला रंग' असं मी लिहिलं होतं. बाईंनी लाल शाईने 'गोड = सुंदर' लिहून अर्धा गुण कापला. इतकी वर्षं झाली, अजून राग आहे. कविता पाठ आहे, पण ती पिवळी गाईड आठवल्याशिवाय म्हणता येत नाही.

मास्तर_निवृत्त:
अर्ध्या गुणासाठी अजून रडताय म्हणजे बाईंनी बरोबरच केलं.

गिरणाकाठ:
भाऊ, तुम्ही सगळे पुस्तकातलं बोलून राहिले. खरा उंबर पाहिला का कोणी? आमच्या मळ्याच्या कडेला नाल्यावर होता, निम्मी मुळं पाण्यात. त्याच्यासारखं गजबजलेलं झाड नाही. फळं खोडालाच घोसानं लगडतात. पिकली की हरियाल आणि बुलबुल दिवसभर भांडतात, रात्री वटवाघळं. पिकलं उंबर पाण्यात पडलं की 'टुपुक', लगेच मासोळ्या धावतात. खाली चिखलात सडा, त्याचा आंबूस गोड वास आणि चिलटंच चिलटं. पायवाटचं म्हणणं मला पटतं ते यासाठी. धरणगावात जन्मलेल्या माणसानं हा गलका ऐकला नसेल? त्यानं फळं, पाखरं, वास सगळं काढून टाकलं आणि झाड नुसतं बसवलं.

शुद्धमती:
गोड वास म्हणे! फोडून बघितलंत कधी? आत किडे वळवळत असतात. आम्हा जैनांकडे पंच उदुंबर, म्हणजे उंबर, वड, पिंपळ अशा पाच झाडांची फळं, वर्ज्य, उगाच नाही.

गिरणाकाठ:
ते किडे नाहीत, त्या फळातल्याच बारीक माश्या. उंबराचं फूल आतच असतं, माशी आत शिरल्याशिवाय बी धरत नाही. आम्ही फोडून, फुंकून, उन्हात झटकून खाल्ली. मेलो नाही.

शुद्धमती:
मेला नाहीत, हा काही खाण्याचा निकष नाही. जीवहत्या ती जीवहत्याच.

टवाळ:
उंबर फोडून केंबरं काढायची हौस आहे इथे सगळ्यांना. 😄

सुगरण_नाशिक:
कच्च्या उंबरांची भाजी होते बरं, माझी आजी करायची. चिक निघतो, हाताला तेल लावून चिरायची. त्यात किडे नसतात.

शुद्धमती:
कच्चं असो की पिकलं, उंबर ते उंबर. तुमच्या आजीबद्दल आदर आहे, पण मी तर त्या पातेल्यालाही हात लावणार नाही.

सुगरण_नाशिक:
हात लावा असं म्हटलंय कुणी? आजीच्या पातेल्यापर्यंत कशाला जाता?

रसिकराज:
कवितेच्या धाग्यावर भाज्या! धन्य आहे.

पायवाट, 'गोड' माझ्या लेखात निसटला, तेवढं तुमचं. लगेच पेढे वाटू नका. आवाज शून्य म्हणता? ओळी मोठ्याने म्हणा: कडे, पुढे, पडे, डोहाकडे. चार ओळी एकच यमक ठोकत वाचणाऱ्याला डोहाशी नेऊन सोडतात. याला आवाज नाही म्हणायचं का?

पायवाट:
हा मात्र ठोसा बसला. पण हा आवाज म्हणणाऱ्याच्या तोंडातला, गावातला नव्हे. आणि बघा, 'लाटांवर'शी तेच यमक तुटतं. डोहाशी पोचलो की पावलं थांबतात. माझाच मुद्दा तुम्ही पक्का करून दिलात, आभार.

रसिकराज:
पावलं थांबली की माणूस कुठे पोचतो, ते तुम्हीच लिहा आता. मी लिहिलं की किल्ली होते.

गिरणाकाठ:
ताई, भाजीला वाटण कशाचं घालायची आजी?