ॲपवरचे अन्यायी रिव्ह्यू : एकट्या डेव्हलपरने गप्प बसायचं का?

फोंडेकर

गोव्यातल्या जत्रा, सप्ताह, कालोत्सव यांच्या तारखा तिथीनुसार दाखवणारं एक छोटं ॲप मी एकट्याने चालवतो. माझं म्हणणं आधीच मांडतो. जो रिव्ह्यू धडधडीत चुकीचा आहे किंवा ज्याचा ॲपशी संबंधच नाही, त्याला डेव्हलपरने सगळ्यांसमोर, शांतपणे उत्तर दिलंच पाहिजे. आणि असे रिव्ह्यू सरासरीत धरणं प्ले स्टोअरसारख्या स्टोअरने बंद केलं पाहिजे. ‘दुर्लक्ष कर, कामाला लाग’ हा सल्ला मला जो तो देतो. मोठ्या कंपनीला तो परवडतो, मला नाही.

एक उदाहरण देतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. वास्कोचा दामोदर सप्ताह निज श्रावणात, म्हणजे अधिक संपल्यावर येणाऱ्या नेहमीच्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. त्या वर्षी नागपंचमी २१ ऑगस्टला होती, म्हणजे सप्ताह २२ला. ॲपमध्येही तीच तारीख होती. जुलैच्या अखेरीस एक स्टारसह रिव्ह्यू आला : ‘सप्ताहाची तारीख महिन्याने चुकली आहे. देवाच्या कामात तरी नीट बघा.’ मी कारण लिहून कळवलं. पुढे सप्ताह २२ला सुरूही झाला, पण तो एक स्टार आजही तिथेच आहे. आणि तो रिव्ह्यू ‘उपयुक्त’ म्हणून टिक करणारी माणसंही निघाली!

आता हिशेब बघा. नव्या ॲपला आठ जणांनी पाच-पाच स्टार दिले आणि तिघांनी एकेक, तर सरासरी ३.९ येते. त्या तिघांतल्या दोघांची तक्रार ॲपबद्दल नसेलच, तर ती ४.५च्या वर असायला हवी होती. हजारो रेटिंग असलेल्या ॲपला हे तीन स्टार जाणवतही नाहीत. २०१९ पासून गुगल ताज्या रेटिंगला जास्त वजन देतं, त्यामुळे आकडा अगदी असाच येणार नाही, पण नुकता लागलेला घाव लहान ॲपला जास्तच झोंबतो. शिवाय नोव्हेंबर २०२१ पासून प्ले स्टोअरवर रेटिंग देशानुसार दिसतं. जत्रेच्या तारखा बघून तिकीट काढणारे आखातातले आणि इंग्लंडमधले आमचे लोक आवर्जून पाच स्टार देतात. ते फोंड्यातल्या माणसाला दिसणाऱ्या आकड्यात येतच नाहीत.

एप्रिल २०१७ आठवतो का? स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताबद्दल काहीतरी म्हटल्याची बातमी आली आणि लोकांनी रागाच्या भरात स्नॅपडील या खरेदीच्या ॲपला एक स्टार द्यायला सुरुवात केली. दोन कंपन्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी! २०२० च्या मे महिन्यात टिकटॉकवर असाच एक स्टारचा पूर आला तेव्हा गुगलने लाखो रिव्ह्यू काढून टाकले. म्हणजे मनात आणलं तर काढता येतात. माझ्यासारख्याने ‘हा रिव्ह्यू बघा’ म्हणून कळवलं की ‘धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही’ एवढंच उत्तर येतं.

वास्कोकार

फोंडेकरबाब, तुमची तळमळ कळते, पण मी दुसऱ्या बाजूला उभा आहे. मी ॲप वापरणारा आहे, बनवणारा नाही, आणि एक स्टार मी विचार करून देतो.

आमच्या भजनी मंडळाची वर्गणी मी एका ॲपवर लिहून ठेवायचो. एका अपडेटनंतर सगळी यादी गेली. कुणी किती दिले, कुणाचे राहिले, काही उरलं नाही. स्टोअरवर दिलेल्या पत्त्यावर ईमेल पाठवला, उत्तर नाही. परत पाठवला, तरी नाही. मग एक स्टार दिला आणि दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्याच दिवशी उत्तर हजर, ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, ईमेल करा’. ज्या पत्त्यावर दोनदा लिहिलं, तोच पत्ता! आता सांगा, ग्राहकाने दुसरं काय करायचं? आमच्या हातात तेवढं एकच हत्यार आहे आणि तुम्ही म्हणता स्टोअरने ते बोथट करावं.

सप्ताहाचं म्हणाल तर आम्हा वास्कोवाल्यांना सप्ताह कधी ते पाठ असतं. पण बाहेरगावी वाढलेल्या मुलाला अधिक-निज कुठून कळणार? त्याने श्रावण शुद्ध षष्ठी शोधली, त्याला ती जुलैत दिसली. रिव्ह्यू चुकीचा असेल, पण गोंधळ खरा होता. ‘या वर्षी अधिक मास आहे’ ही ओळ तुम्ही कुठे लिहिली होती?

फोंडेकर

ओळ होती. सप्ताहाच्या नोंदीतच, तारखेच्या खाली. नोंद उघडली असती तर दिसली असती.

तुमच्या भजनी मंडळाचा रिव्ह्यू मात्र अन्यायी नाहीच. ॲपने तुमची माहिती घालवली, तुम्ही तेच लिहिलं. अशा तक्रारीवर स्टोअरने एक अक्षरही कापू नये. माझं भांडण ‘उघडत नाही, भंगार’ एवढंच लिहून जाणाऱ्यांशी आहे. वाळपईच्या पलीकडे पावसात वीज गेली की मोबाइलचा टॉवरही बंद पडतो. तारखा फोनमध्येच साठवलेल्या असतात, त्या तेव्हाही दिसतात. नकाशाला नेट लागतं. तो उघडला नाही की माझ्या नावाने एक स्टार.

वास्कोकार

नोंदीतली ओळ नोंद उघडणाऱ्यासाठी. तारीख दिसते यादीत, मग ओळही यादीतच हवी. आणि नकाशा उघडला नाही तर ‘नेट नाही, तारखा मात्र बघता येतील’ असं पडद्यावर येतं का? कोरा पडदा दिसला तर माणूस ॲपलाच दोष देणार, वीज खात्याला नव्हे.

म्हापसेकरीण

मी बाजारातल्या लहान दुकानांसाठी बिलाचं ॲप करते, म्हणजे फोंडेकरांच्याच जातकुळीची. तरी मला त्यांचं पटत नाही.

प्रत्येकाला उत्तर द्यायला बसलात तर ॲप कधी सुधारणार? प्ले स्टोअरवर उत्तराची मर्यादा ३५० अक्षरांची. एका रिव्ह्यूला एकच उत्तर देता येतं. ते बदलता येतं, पण संवाद असा होत नाही. लिहिणाऱ्याला सूचना जाते, त्याने स्टार बदलला तर बदलला. प्ले कन्सोलवर, म्हणजे गुगलच्या डेव्हलपरसाठीच्या पानावर, निदान फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि ॲपची आवृत्ती दिसते, त्यावरून काहीतरी पत्ता लागतो. ॲपलकडे टोपणनाव आणि देश, संपलं. समोरच्याला धड विचारताही येत नाही की बाबा रे, नक्की काय झालं? म्हणून मी फक्त तिथेच उत्तर देते जिथे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नवीन असतं : बग सापडला, अमुक आवृत्तीत सुधारला. बाकीचे वाचते आणि पुढे जाते.

दुसरं कारण उघड बोललं जात नाही, म्हणून मीच बोलते. ॲपमधून पैसे कमावणाऱ्या वैयक्तिक खात्याचा पूर्ण पत्ता प्ले स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. माझं ऑफिस म्हणजे माझं घर. ज्याच्याशी मी चारचौघांत वाद घालणार, त्याला माझं दार ठाऊक असतं. ‘उत्तर दिलंच पाहिजे’ हे वाक्य लिहिताना एकटीने काम करणाऱ्या बाईचा विचार केलात का?

डिचोली_८७

सरळ मार्ग सांगतो. घरचे, शेजारी, कॉलेजचा ग्रुप, सगळ्यांना सांगा, पाच स्टार टाका. पन्नास झाले की अन्यायाचे दोन बुडून जातात. काट्याने काटा काढायचा. मोठे लोक तर विकत घेतात, मग आपणच सोवळं का पाळायचं?

म्हापसेकरीण

नको. अगदी नको. खोटी रेटिंग गुगलच्या धोरणात बसत नाहीत आणि पकडलं गेलं तर ॲपच काय, डेव्हलपरचं खातंही जाऊ शकतं. २५ डॉलर भरून काढलेलं खातं नुसतं पैशाने परत उभं राहत नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी सलग १४ दिवस माणसं जमवून चाचणी घ्यावी लागते. आधी २० माणसं लागायची, आता १२. आणि ज्या दुकानदाराला मी ‘माझ्यावर विश्वास ठेव, तुझा हिशेब माझ्या ॲपवर लिही’ म्हणते, त्याला खोट्या पन्नास माणसांची साक्ष काढून दाखवू? ते मला जमणार नाही.

काही जण आणखी एक युक्ती सांगतात : आधी विचारायचं ‘ॲप आवडलं का?’, हो म्हणणाऱ्याला स्टोअरवर पाठवायचं, नाही म्हणणाऱ्याला ईमेलवर. तीही चालत नाही. गुगलच्या सूचनांत स्पष्ट आहे की रेटिंगची चौकट दाखवण्याआधी मत विचारायचं नाही. ॲपल तर ती चौकट वर्षात जास्तीत जास्त तीनदाच दाखवू देतं. मग योग्य वेळ साधायची, एवढंच हातात राहतं. माझ्याकडे दुकानदाराने महिन्याचा हिशेब बंद केला की ती चौकट येते, बिल करत असताना कधीच नाही. समाधानी माणूस आपणहून रिव्ह्यू लिहीत नाही. त्याला विचारावं लागतं, आणि सगळ्यांना सारखंच विचारावं लागतं.

साखळीचा विद्यार्थी

वर्गात आम्हाला सांगितलं होतं की भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक काढलंय, आयएस १९०००. त्याखाली तक्रार करता येते का?

म्हापसेकरीण

ते ऐच्छिक आहे. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का हे कसं तपासावं, ते कसे प्रसिद्ध करावेत याच्या पद्धती त्यात आहेत. खरा माणूस खरोखर चुकीचं लिहून गेला, त्यावर त्यात औषध नाही. आपलं दुखणं नेमकं तेच आहे.

काणकोणचं_घर

मी ॲपवाली नव्हे. आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. पण हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे, म्हणून लिहिते.

जुलैत येणारे पाहुणे नकाशावर रिव्ह्यू टाकतात : ‘समुद्रात उतरू देत नाहीत, शॅक एकही नाही, एक स्टार’. शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळी, मेअखेर काढतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजं मासळीचं ताट रोज मिळत नाही. यातलं आमच्या हातात काय आहे? पहिल्यांदा असं वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. तरी मी फोंडेकरबाबांच्या बाजूने आहे, कारण माझं उत्तर त्या पाहुण्यासाठी नसतंच. तो गेला. पुढच्या जुलैत येऊ बघणारा ते वाचतो. मी लिहिते : ‘पावसाळ्यात किनाऱ्यावर शॅक नसतात, समुद्र खवळलेला असतो, पोहता येत नाही. शेतं आणि धबधबे बघायचे असतील तर जरूर या.’ ते वाचून काही जण येत नाहीत, आणि जे येतात त्यांची तक्रार नसते. तुम्ही सप्ताहाबद्दल दिलेलं उत्तर वाचून कितीतरी जणांना अधिक मास कळला असेल. तो स्टार बदलला नाही म्हणून उत्तर वाया गेलं असं मी मानत नाही.

म्हापशाच्या बाय, पत्त्याचं तुम्ही लिहिलंत ते मात्र काळजात रुतलं. आमचा पत्ता आम्ही स्वतःहून देतो, लोकांनी यावं म्हणून. तुमच्यावर तो लादलेला आहे.

फोंडेकर

बाय, पत्त्याबद्दल मी माझं म्हणणं आवरतं घेतो. ‘उत्तर दिलंच पाहिजे’ हे ज्याला सुरक्षित वाटतं त्याच्यासाठी. पत्ता लपवायची सोय प्रत्येक एकट्या डेव्हलपरला मिळायला हवी, आणि ती मागणी रिव्ह्यूच्या मागणीपेक्षा मोठी आहे.

स्टोअरबद्दल मात्र मागे हटत नाही. प्ले स्टोअरच्या नियमांतच आहे की रिव्ह्यू विषयाला धरून असावा, भलत्याच गोष्टीबद्दल नको. नियम त्यांचा, मग अंमलबजावणीही त्यांनी करावी. रिव्ह्यू पुसू नका, वाचायला राहू द्या. फक्त तक्रार तपासून होईपर्यंत त्याचा स्टार सरासरीतून बाजूला ठेवा. यात ग्राहकाचा आवाज कुठे दाबला जातो?

वास्कोकार

तपासणार कोण? मराठीत, कोंकणीत लिहिलेलं यंत्र वाचणार आणि ठरवणार की माझी भजनी मंडळाची तक्रार विषयाला धरून आहे की नाही? तुम्ही प्रामाणिक आहात, पण हे बटण तुमच्या हातात आलं तसं माझी यादी घालवणाऱ्याच्याही हातात येणार. तो प्रत्येक एक स्टारवर बोट ठेवील आणि तेवढे दिवस त्याची सरासरी झकास दिसेल. ॲपलवर तर नवी आवृत्ती काढताना जुन्या रेटिंगचा आकडा शून्यावर आणायची सोय डेव्हलपरला आधीच आहे. आणखी किती द्यायचं?

साखळीचा विद्यार्थी

मग डेव्हलपरने उत्तर दिल्यावर रिव्ह्यू लिहिणाऱ्याने तो परत बघितलाच नाही, तर काही काळाने तो मोजू नये, असं केलं तर? म्हणजे तपासायला कुणी लागणार नाही.

म्हापसेकरीण

हे मला पटण्यासारखं वाटतं. पण ‘दिलगीर आहोत, ईमेल करा’ हेही उत्तरच धरलं जाईल, ही भीती आहे.

वास्कोकार

तीच तर माझी हरकत. मी त्या ॲपचा एक स्टार अजून ठेवलाय. यादी परत मिळाली किंवा निदान ती फोनमध्ये जपून ठेवायची सोय झाली, तर त्याच दिवशी बदलीन. नुसतं उत्तर आलं म्हणून बदलणार नाही, आणि मी गप्प आहे म्हणून कुणी तो पुसूही नये.