बेळगावात अनगोळच्या परड्यात बटाटा लावायचाय, कुठली जात घेऊ?

परड्यातली:
नमस्कार मंडळी. घरामागं अर्धा गुंठा तांबडी माती मोकळी आहे. निम्म्यात यंदा मिरची आणि वांगी होती, निम्म्यात घेवडा-मेथी. आता गणपती झाले की बटाटा लावायचं चाललंय, पण घरात तीन मतं. सासूबाई म्हणतात जवारीच (गावरान) लाव, बाहेरचा इंदोर नको, तो गोडसर लागतो. बाजारातला बेणंवाला म्हणतो पुखराज घ्या, लवकर येतो आणि भरपूर येतो. मुलानं मोबाईलवर जांभळ्या सालीचा कुफरी नीलकंठ बघून ठेवलाय, त्याला तोच पाहिजे. मला मात्र उन्हाळ्यात वाळवणाच्या चकत्या आणि कीस करायला घरचा बटाटा हवाय. दुसरं म्हणजे, बुट्टीत ठेवलेल्या बटाट्यांना छान कोंब आलेत. तेच पुरले तर चालतंय का? उगाच बेण्याला पैसे कशाला?

कडोलीचा काका:
ताई, जातीचं नंतर बघू. आधी जागा. मिरची-वांग्याच्या जागेत बटाटा अजिबात लावू नका. मिरची, वांगी, टोमॅटो, बटाटा सगळे एका कुळातले, एकाची मर (झाड एकाएकी सुकवणारा रोग) दुसऱ्याला लागते. घेवड्याच्या निम्म्यात लावा, ती जागा बेस आहे. म्हणजे पाव गुंठा झाला. गुंठ्याला वीसेक किलो बेणं लागतं, तुम्हाला पाच-सहा किलो पुरे.

आता सासूबाईंचं. जवारी म्हणून वेगळी जात बेण्यात मिळायची नाही. आपल्या भागात पावसाळ्यात तांबड्या मातीत निघालेला तो जवारी, बाहेरून आलेला तो इंदोर नाहीतर आग्रा. आमच्याकडं पावसावर लावतात तो बहुतेक कुफरी ज्योती, १९६८ सालची जात, आणि तिचं बेणंही बाहेरूनच येतंय. मग चवीत फरक का? माती आहेच, पण खरी गोष्ट ताजेपणाची. शीतगृहात महिनोन्‌महिने राहिलेल्या बटाट्यात पिठाची साखर होते. म्हणून तो गोड लागतो, आणि तळला की काळपट पडतो. सासूबाईंची जीभ बरोबर सांगतेय. घरचा ताजा काढलेला कुठलाही बटाटा त्यांना जवारीच लागेल बघा.

तुमच्या चकत्यांचंही तेच. ताजा आणि पिठूळ बटाटा पाहिजे. पुखराज (१९९८ ची जात) येतो भरपूर, दुकानदार खोटं बोलत नाही. पण त्यात पाणी जास्त. रश्शाला चांगला, फोडी मोडत नाहीत. वाळवणाला मात्र वाळून कागदासारखा होतो, वजन काही उरत नाही. तुम्ही ज्योती किंवा चंद्रमुखी घ्या. चंद्रमुखी ऐंशी-नव्वद दिवसांत निघते, पांढरी, चवीला फार चांगली. ज्योतीला थोडे जास्त दिवस. चिपसोना मिळाला तर चकत्यांना त्याच्यासारखा नाही, पण तो एकशेदहा दिवस खातो आणि पाच किलोसाठी तुम्हाला कोण देणार? नीलकंठाचंही तसंच. पोराला हवाच असेल तर चार बेणी मिळवून एका कडेला लावू द्या, हौस आहे.

खानापूरकरीण:
काका म्हणतात ते खरं, पण पावसाळ्यातलं पीक आमच्याकडं करू नका कुणी, परड्यात तर नकोच. जुलै-ऑगस्टला झिमझिम आणि धुकं लागलं की उशिरा येणारा करपा आलाच म्हणून समजा. पानाच्या कडेला पाण्यानं भिजल्यासारखा डाग, खालच्या अंगाला पांढरी बुरशी, आणि उघडीप मिळाली नाही तर आठवड्यात वाफा जळाल्यासारखा काळा. चंद्रमुखी तर त्याला पहिली बळी पडते. ज्योती पूर्वी टिकायची, आता तीही नाही टिकत. आम्ही पावसाळ्यात रताळं लावतो आणि बटाटा थंडीत, पाटाच्या पाण्यावर.

कडोलीचा काका:
खानापूर म्हणजे पावसाचं आगर, तिथं ते बरोबरच. आमच्या उताराच्या रानात पाणी थांबत नाही, म्हणून आम्ही पावसावर घेतो, तेही औषधाचा पंप हाताशी ठेवून. ताईंनी थंडीतच करावं, यात वाद नाही. बटाट्याला पोसायला रात्र थंड लागते, वीस अंशांच्या खाली. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो, याहून चांगलं काय पाहिजे? ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत काढायचा, आणि लगेच वाळवणाचं ऊन. गणपती झाल्या झाल्या घाई करू नका, माती अजून ओली असते, बेणं कुजतं.

बुट्टीतल्या बटाट्याचं राहिलं. उगवतो, नाही म्हणत नाही. पण त्यात पानं वळवणारे विषाणू असले तर बाहेरून दिसत नाहीत, मग झाड खुरटतं. त्याहून वाईट म्हणजे मर. ती एकदा मातीत शिरली की वर्षानुवर्षं जात नाही, मग त्या परड्यात मिरचीही होणार नाही. झाड हिरवंगार असताना एकाएकी मान टाकली तर बुडातून खोड कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभं धरा. थोड्या वेळानं पांढऱ्या धाग्यासारखा दुधट पदार्थ खाली उतरायला लागला तर ती मरच. ते झाड मातीसकट काढून लांब टाका. पाच किलो बेण्याचे पैसे वाचवायला एवढी जोखीम कशाला? बुट्टीतले कोंब काढून भाजी करा, हिरवे झालेले तेवढे टाकून द्या.

निपाणीचा जावई:
मध्ये बोलतो, माफी असावी. आमची काळी माती, पाऊसही तुमच्यापेक्षा कमी, आणि निम्म्या रानात तंबाखू. तंबाखूसुद्धा त्याच कुळातली, त्यामुळे तंबाखूच्या रानात मी बटाटा लावत नाही. काळ्या मातीत गादीवाफा उंच करावा लागतो आणि पाणी बेतानं, नाहीतर बटाटा चिकटून येतो, धुता धुता जीव जातो. इकडं थंडी उशिरा येते आणि लवकर जाते. तुमच्या यादीत कुफरी सूर्या नाही म्हणून सांगतो. २००६ ला आलेली, उष्णता सोसणारी. रात्री जरा कोमट असल्या तरी पोसते. निपाणी-चिकोडीकडच्यांनी ती बघावी. करप्याला मात्र ती काही टिकत नाही, पावसात नको.

परड्यातली:
काका, लाखमोलाचं सांगितलंत. घेवड्याची जागा ठरली. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या "बघ, मी म्हणत होते की नाही!" तीन किलो चंद्रमुखी आणि दोन किलो ज्योती घेते. आता दोनच गोष्टी सांगा. शेजारच्या वहिनींकडं यंदाचा पावसाळ्यातला ज्योती आत्ताच निघालाय, तो बेण्याला घेऊ का? आणि बेणं कापून लावायचं की अख्खं?

कडोलीचा काका:
वहिनींचा घेऊ नका. नुकता काढलेला बटाटा झोपेत असतो. दोन-अडीच महिने त्याला डोळा फुटत नाही, तुमची वेळ निघून जाईल. शीतगृहातलं मागच्या हंगामाचं बेणं विचारा, थैलीवर जातीचं नाव बघून घ्या. घरी आणलं की अंधारात कोंडू नका. सावलीत, उजेड येईल असं गोणपाटावर एकथर पसरा, दहा-पंधरा दिवसांत आखूड, जाड, हिरवट कोंब येतात. लांब पांढरे आले तर ते लावताना मोडतात.

अंड्याएवढी बेणी अख्खीच लावा. मोठी कापायची तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे आणि तीस-चाळीस ग्रॅम वजन असू द्या. विळी मध्ये मध्ये औषधाच्या पाण्यात बुडवा, आणि कापलेला भाग एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. सऱ्यांत दोन फूट अंतर, दोन बेण्यांत वीतभर, चार बोटं खोल. शेणखत मुरलेलं घाला, ताजं घातलं तर सालीवर खवडे येतात.

महिनाभरानं मातीची भर द्या, परत पंधरा दिवसांनी द्या. ही भर विसरली की वरचे बटाटे उजेडानं हिरवे होतात, मग ते खायच्या कामाचे नाहीत. पाणी थोडं थोडं पण नेमानं. फार दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर दिलंत तर ज्योती तडकते. सकाळी धुकं पडायला लागलं तर १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून, मिळून १० लिटर करा आणि पानांवर खालून-वरून मारा. लोखंडी बादली नको, प्लॅस्टिकची घ्या.

पाला पिवळा पडला की पाणी तोडा, पाला जमिनीलगत कापा आणि आठ-दहा दिवस तसंच राहू द्या. साल घट्ट होते. मग खणा. एका किलोला सात-आठ किलो निघाले तर समाधान माना.

परड्यातली:
होय काका. मुलगा विचारतोय, नीलकंठ आतूनही जांभळा असतो का?

निपाणीचा जावई:
नाही, साल जांभळी, आत पिवळसर. भाजी साधीच दिसते. त्याला आधीच सांगून ठेवा.