कॅडफेलचं शेवटचं पुस्तक थेट वाचावं का?

ए-२०३: एलिस पीटर्सच्या ब्रदर कॅडफेलचं, म्हणजे बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या खुनांचा छडा लावणाऱ्या मठवासी साधूचं विसावं, म्हणजे शेवटचं पुस्तक हातात आलंय, 'ब्रदर कॅडफेल्स पेनन्स'. आधीची तीनच झालीत. थेट सुरू केलं तर?

बी-१०१: काकू, गडबड नको. किमान दोन आधी उरका. सहावं 'द व्हर्जिन इन द आइस' आणि दहावं 'द पिल्ग्रिम ऑफ हेट'. ऑलिव्हिए कोण, हे सहाव्यात उलगडतं. विसाव्यात तेच सुरुवातीला उघड बोलून टाकलंय, मग सहाव्यातला धक्का गेलाच की.

सी-४०२: आणि खून कधी पडतोय म्हणून पानं मोजू नका. पडतो, कव्हेंट्री शहरात, पण पुस्तक त्याच्यावर उभं नाही. फॅरिंग्डनचा किल्ला फितुरीनं गेलाय, कैदी वाटले गेलेत, ऑलिव्हिएचा पत्ता नाही. त्याला हुडकायला कॅडफेल निघतो. मठाधिपतींची परवानगी कव्हेंट्रीपुरतीच. तिथून पुढं पाऊल टाकलं की व्रत मोडलं. खरी गोष्ट ती आहे.

ए-२०३: पुस्तकात स्टीफन आणि मॉड भांडतात, ती इंग्लंडची गादी खरी कुणाची?

बी-१०१: कोल्हापूरकरांनी हे विचारावं? 😄 ताराराणी आणि साताऱ्याचे शाहू महाराज आठवा. सरदार आज इकडं, उद्या तिकडं. राजा पहिला हेन्री ११३५ ला वारला. मॉड त्याची लेक, स्टीफन भाचा. ११४१ ला लिंकन गावच्या लढाईत स्टीफन शत्रूच्या हाती सापडला, त्याच वर्षी मॉडचा सावत्र भाऊ रॉबर्ट सापडला, दोघांची अदलाबदल झाली आणि लढाई पुन्हा होती तिथंच. आपल्याकडं १७३१ ला वारणेचा तह तरी झाला. कादंबरीत ११४५ च्या नोव्हेंबरात सगळे तहाच्या बोलणीला कव्हेंट्रीत जमतात, आणि हाती काही नाही.

सी-४०२: घोळ होतो तो रॉबर्टांचा. मठातला प्रायर (मठाधिपतींच्या हाताखालचा) रॉबर्ट, मॉडचा भाऊ ग्लॉस्टरचा रॉबर्ट, लेस्टरचा अर्ल (बडा सरदार) रॉबर्ट. फिलिप फिट्झरॉबर्ट हा ग्लॉस्टरवाल्याचा मुलगा, 'फिट्झ' म्हणजे अमक्याचा मुलगा. बापाला सोडून तो स्टीफनकडं गेलाय. हा एक धागा सुटला की निम्मं पुस्तक डोक्यावरून जातं. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मांडून ठेवा.

डी-३०३: टीव्हीवरची मालिका बघितली तर नाही का चालणार?

बी-१०१: नाही दादा. १३ भागच निघाले, हे पुस्तक त्यात नाहीच.

सी-४०२: मठातल्या प्रार्थनेच्या घंटाही ध्यानात ठेवा. व्हेस्पर्स सांजेची प्रार्थना, कॉम्प्लिन निजायच्या आधीची, मॅटिन्स रात्रीची. कोण कधी कुठं होता, हे त्यावरच मोजायचं. घड्याळ नाहीच तिथं.

डी-३०३: करवीर नगर वाचन मंदिरात कुठल्या नावानं विचारायचं?

सी-४०२: पीटर्स. ते टोपणनाव, खरं नाव एडिथ पार्जिटर. दोन्ही सांगा, तिनं खऱ्या नावानंही ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्यात. हे पुस्तक १९९४ चं, बाई १९९५ ला गेल्या. तरी शेवट अर्धा राहिल्यासारखा अजिबात नाही.

ए-२०३: मग सहावं कुणाकडं आहे?

बी-१०१: संध्याकाळी वॉचमनकडं ठेवतो. पेन्सिलीच्या खुणा आहेत, पण खुन्याच्या नावाखाली नाहीत.