ओल्या वॉर्निशवर बसणारे तुडतुडे कसे टाळावेत?

बांधीकाठचा मास्तर (गोंदिया जिल्हा)

नमस्कार. मी शिक्षक आहे आणि सुतारकाम हा माझा छंद आहे. जुन्या घराच्या सागवानी फळ्यांतून मी यंदा सहा फूट लांबीची बंगई (लाकडी झोपाळा) तयार केली. दिवसा शाळा असल्यामुळे वॉर्निशचा हात संध्याकाळी सातनंतर, छपरीतल्या पांढऱ्या एलईडी दिव्याखाली द्यावा लागतो. घराच्या तिन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आहेत, आणि हलके धान कापणीला आल्यापासून हिरवे तुडतुडे दिव्यावर इतके येतात की पहिल्या रात्री फळीवर चिकटलेले मोजू लागलो, ते चाळीसपर्यंत मोजून सोडून दिले. एकाला चिमट्याने उचलताना त्याचे पाय आतच राहिले आणि भोवती नखाएवढा खळगा पडला. सगळे घासून दुसरा हात दिला, तर तीच गत झाली. वॉर्निश तेलाचे असल्याने बोटाला न चिकटण्याइतके सुकायला सहा-सात तास घेते. मच्छरांची कॉइल लावून पाहिली, उपयोग झाला नाही. आता फळीभोवती कीटकनाशकाचा फवारा मारावा का? बंगई दिवाळीपूर्वी टांगायची आहे.

रंधा-पटाशी (चंद्रपूर)

मास्तर, फवारा कृपया मारू नका. त्यातील तेलकट थेंब ओल्या वॉर्निशवर पडले की तेथून वॉर्निश मागे सरकते आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उमटतात, जे पुढचा हात दिला तरी अनेकदा पुन्हा वर येतात. कॉइल त्याहून वाईट, कारण तिची राख फळीवर बसते आणि शिवाय थिनर किंवा स्पिरिटची वाफ कोंडलेल्या जागी जळती वस्तू ठेवणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी आहे. गौऱ्यांचा धूर करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही याच कारणासाठी मानू नये.

तुडतुडे आपल्या वॉर्निशसाठी येत नाहीत, ते दिव्यासाठी येतात. निळसर पांढरा उजेड त्यांना अधिक ओढतो, पिवळा त्या मानाने कमी. म्हणून आपण छपरी सोडून आतल्या खोलीत काम करावे, खिडकीला बारीक जाळी ठोकावी, पिवळा दिवा वापरावा आणि हात देऊन होताच दिवा बंद करून बाहेर यावे. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण काम कसे झाले ते पाहण्यासाठी आपण दिवा चालू ठेवतो आणि तेवढ्यातच घात होतो. आपला पांढरा दिवा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, साबणाच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यावर टांगावा. येणारी पाखरे तिकडेच वळतील.

जुना मिस्त्री (भंडारा)

दिव्याचे म्हणणे बरोबर आहे, पण माझ्या मते मूळ दोष सहा-सात तास ओले राहणाऱ्या वॉर्निशचा आहे. आम्ही पूर्वी चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पॉलिश करत असू. पातळ हात दहा-पंधरा मिनिटांत बोट लावण्याजोगा होतो, त्यामुळे किड्याला बसायला सवडच मिळत नाही. (गंमत अशी की चपडी ही लाखेचीच, म्हणजे पळसावर आणि कुसुमावर वाढणाऱ्या किड्याची देणगी आहे!) मात्र हवा दमट असेल तेव्हा हे काम करू नये, पॉलिशवर पांढरी झाक येते.

जवस-कापूस (वर्धा)

मिस्त्रीकाका, कपाटासाठी चपडी उत्तमच आहे, परंतु बंगईवर माणसे चहाचा गरम कप ठेवतात आणि चपडीवर त्याचे पांढरे वर्तुळ उमटते. मास्तरांनी आहे तेच वॉर्निश वापरावे, पण त्यात निम्मे टर्पेंटाइन घालून ते ब्रशऐवजी सुती कापडाने पुसत लावावे. थर इतका पातळ बसतो की लवकर सुकतो आणि किडा टेकला तरी रुतत नाही. असे तीन-चार हात ब्रशच्या एका हाताची जागा घेतात. वापरलेली कापडे मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेटू शकतात. ती बाहेर मोकळी पसरून वाळवावीत.

आता अडकलेल्या किड्याविषयी. वॉर्निश लावून दोन-चार मिनिटेच झाली असतील, तर सुईच्या टोकाने उचलून ब्रश हलकाच फिरवावा. साय धरू लागली असेल, तर हात लावू नये. पूर्ण सुकल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने (घासकागदाने) घासले की पाय-पंख निघून जातात आणि पुढच्या हातात खूण बुजते. आपला खळगा किड्याने नव्हे, चिमट्याने केला आहे.

बांधीकाठचा मास्तर (गोंदिया जिल्हा)

सर्वांचे आभार. खळग्याचा आरोप मान्य आहे. काल धान्याच्या खोलीत कापडाने पहिला पातळ हात दिला, दिवा मालवला आणि पाहण्याचा मोह आवरून झोपायला गेलो. सकाळी फळीवर दोनच तुडतुडे होते, तेही बोटाने झटकताच उडाले. अंगणातल्या घमेल्यावर मात्र हिरवी साय धरली होती. आता एकच शंका उरली आहे. दोन हातांच्या मध्ये प्रत्येक वेळी पेपर मारणे आवश्यक आहे का?

जवस-कापूस (वर्धा)

दुसऱ्या दिवशी हात देणार असाल, तर ४०० नंबरचा पेपर अगदी हलका फिरवावा आणि धूळ ओलसर कापडाने पुसून फळी वाळू द्यावी. त्याच संध्याकाळी दुसरा हात द्यायचा असेल, तर पेपराची गरज नाही.