मदत हवी आहे: जुना बाख ट्रम्पेट, खरोखर माउंट व्हर्ननचा आहे का?

एक बाख स्ट्रॅडिव्हेरियस ट्रम्पेट हाती आला आहे. बेलवर, म्हणजे पुढच्या रुंद तोंडावर, ‘माउंट व्हर्नन’ कोरलंय, सीरियल नंबर मधल्या व्हॉल्व्हच्या केसिंगवर आहे. व्हिन्सेंट बाखचा कारखाना १९५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट व्हर्ननला गेला, १९६१ मध्ये सेल्मर या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने तो घेतला आणि पुढे काम इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला हललं, इतकं ठाऊक आहे. अडचण अशी की नंबर नेमका एल्कहार्टच्या स्थलांतराच्या आसपासचा दिसतोय. नंबरांच्या याद्या तपासल्या, पण त्यांतून साल फक्त अंदाजे कळतं.

व्हॉल्व्ह घट्ट आहेत, स्लाइड (सरकती नळी) ओढली की छान ‘पॉप’ होतो, म्हणजे हवा गळत नाही. लीडपाइपवर (फुंकायच्या टोकाची पहिली नळी) मात्र तांबूस ठिपके आहेत आणि त्याची चमक बाकीच्या पितळेशी जुळत नाही. बहुतेक बदललेला असावा. बेलवरची अक्षरंही जरा पुसट, म्हणजे कधीतरी घासून नवं लॅकर (पितळेवरचा पारदर्शक संरक्षक थर) चढवलं असणार. मी अजून पॉलिशचं फडकंही लावलेलं नाही. विकायचा नाही, विम्यासाठी किंमत हवी आहे. सांधे उकलायची तयारी नाही.

माउंट व्हर्ननची बेल एल्कहार्टमध्ये जोडली गेली असेल, तर ते बाहेरून कसं ओळखायचं? आणि बदललेला लीडपाइप किंमत जास्त पाडतो की नवं लॅकर?