खंबीर म्हणजे फक्त लढणारी नव्हे

खंबीर नायिका फक्त स्वतंत्र (मोठ्या स्टुडिओंबाहेर बनलेल्या) चित्रपटांतच भेटतात, असं एक मत आहे; ते मला निम्मंच पटतं. १९७९चा 'एलियन' हा अंतराळातला भयपट मोठ्या स्टुडिओचाच होता. त्याच्या पटकथेत नोंदच होती की कुठलीही भूमिका स्त्री किंवा पुरुष, कुणीही करू शकेल. म्हणूनच त्याची नायिका रिप्ली आधी जबाबदार अधिकारी वाटते, मग स्त्री. विलगीकरणाचा नियम मोडून सहकाऱ्याला यानात घ्यायला ती ठाम नकार देते, तरी दार उघडलं जातंच!

या दोन प्रकारच्या चित्रपटांतला खरा फरक वेळेचा आहे. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमानच्या 'जान दिएलमान'मध्ये (१९७५) नायिका बटाटे सोलते, भांडी घासते आणि कॅमेरा जागचा हलत नाही. मोठ्या बजेटच्या चित्रपटात असे प्रसंग संकलनातच उडाले असते. तिच्या हातांतला तो साठत गेलेला ताण मला कुठल्याही हाणामारीपेक्षा जास्त हादरवून गेला.