वाळवंटी बियांना विद्युतक्षेत्र द्यावं का?

वाळूवेडा: पेरणीआधी बी दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये ठेवून काही मिनिटं हजारो व्होल्टचं क्षेत्र द्यायचं, एवढीच ही पद्धत. बी लवकर पाणी शोषतं आणि पिष्ट फोडणारी विकरं (एन्झाइम) लवकर कामाला लागतात, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. मध्य आशियातल्या अरल समुद्राच्या कोरड्या तळावर सॅक्सॉल हे वाळवंटी झुडूप पेरतात. तिथे वरच्या थरात ओल फार टिकत नाही, त्यामुळे लवकर उगवेल तेच जगेल. माझं मत स्पष्ट आहे: हे वापरायलाच हवं.

मूळधरू: साफ असहमत. उदाहरणच चुकीचं घेतलंत. सॅक्सॉलचं ताजं बी ओल लागताच काही तासांत उगवतं, त्याला आणखी कसली घाई? त्याची खरी अडचण साठवणुकीची आहे. नीट ठेवलं नाही तर वर्षभरातच उगवण ढासळते. त्यावर उपाय म्हणजे बी कोरडं आणि थंड ठेवणं. मेलेलं बी कुठल्याही व्होल्टने जिवंत होत नाही.

आणि इतर वाळवंटी बिया थांबतात त्या उगाच नाही. काहींच्या कवचात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, भरपूर पाऊस पडला तरच ती धुऊन जातात. शिडकाव्याने फसू नये म्हणून ही सोय. वर एकाच वर्षी सगळं बी उगवत नाही, काही मातीत राखीव राहतं. हे का फायद्याचं, ते जीवशास्त्रज्ञ डॅन कोहेन यांनी 1966 मध्ये गणिताने मांडलं. तुम्ही सगळं एकदम उगवून घ्याल आणि पुढचा पाऊस दडी मारेल, तेव्हा रोपंही गेली आणि साठाही गेला.

वाळूवेडा: सॅक्सॉलचा मुद्दा मान्य. पण रोपवाटिकेत पाणी आपल्या हातात असतं, तिथे बियांनी पावसाची वाट का बघावी? शमीसारख्या टणक बियांना आपण घासतोच की, गरम पाणीही घालतो. ती ढवळाढवळ चालते आणि ही नाही?

ओमचानियम: माझी शंका यंत्राबद्दल आहे. व्होल्टेज चढलं की टोकदार कडांपाशी वीज हवेत निसटते, त्यातून ओझोन तयार होतो, आणि तो कवचावर स्वतःच परिणाम करतो. मग श्रेय क्षेत्राचं की ओझोनचं? तुलनेचं बी त्याच पट्ट्यांत, वीज बंद ठेवून, तेवढाच वेळ ठेवलं होतं का, हे आधी बघा. ब्रिटनमध्ये 1918 साली सरकारी समिती नेमून पिकांवर विजेचे प्रयोग झाले, ते 1936 पर्यंत चालले. भरवशाचा फायदा हाती लागला नाही म्हणून बंद पडले.

वाळूवेडा: ते प्रयोग उभ्या पिकांवर तारा ताणून केलेले होते, बियांवर नाही. वीज बंद ठेवून तुलना मात्र हवीच.

मूळधरू: त्याच तुलनेत घासलेलं बीही ठेवा. आणि उगवण टक्केवारी सांगू नका, पहिला उन्हाळा काढलेली रोपं मोजा.